वेबसाइटचं मलपृष्ठ

पडदा वर जातो तेव्हा समोर एक ओटा दिसतो. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातला, शहाबादी फरशीचा, दुपारच्या उन्हानं तापलेला. उजव्या विंगेतून खाडीचा वास येतोय, डाव्या विंगेतून कुणाच्या तरी टीव्हीवरची क्रिकेटची कॉमेंटरी. ओट्याच्या मधोमध मांडी घालून बसलेत दाजी नाखवा. वय चौसष्ट, अंगात बनियन, नाकाच्या शेंड्यावर उतरलेला चष्मा, कानामागे पेन्सिल. पुढ्यात फुलस्केप कागदांची चळत, डिंकाची बाटली, सुईदोरा. दाजी कागद मधोमध दुमडतात, नखानं घडी दाबतात, एकात एक घालून मध्ये दोन टाके मारतात. झालं पुस्तक तयार. कोरं करकरीत. मग कानामागची पेन्सिल हातात येते आणि प्रत्येक पानावर चौकटी पडायला लागतात.

ह्याला छापखान्यात डमी म्हणतात. स्मरणिका छापायच्या आधी कुठली जाहिरात कुठल्या पानावर, किती जागेत बसणार हे दाखवणारं लुटुपुटूचं पुस्तक. दाजींनी आयुष्यात अशा अठरा डम्या केल्या होत्या. ही एकोणिसावी. साल एकोणीसशे नव्व्याण्णव, गणपती नुकतेच गेलेले. आणि गंमत अशी, की ज्याची डमी चालली होती ते पुस्तक नव्हतंच. ती होती वेबसाइट.

दाराच्या चौकटीला टेकून त्यांची बायको सगुणाबाई तांदूळ निवडत होती. तिनं विचारलं, "अवो, त्या कॉम्प्युटरला शिवाया दोरा लागतो व्हय?"

"तू गप गो," दाजी मान वर न करता म्हणाले. "कॉम्प्युटर असला म्हनून काय झालं? कुनाला कुठं बसवायचं ते आधी ठरवाया नको?"

ह्या 'कुनाला कुठं बसवायचं' मध्येच दाजींचा सगळा जन्म होता. कोलशेतच्या कारखान्यात ते टाइमकीपर होते. पण कोळीवाड्यापासून कल्याणपर्यंत लोक त्यांना ओळखायचे ते 'खाडीकाठ'चे दाजी म्हणून. 'खाडीकाठ नाट्यमंडळ' ही हौशी लोकांची संस्था. निम्मी मंडळी ठाण्याची, निम्मी डोंबिवली-कल्याणची. कुणी बँकेत, कुणी रेल्वेत, कुणी शाळेत. वर्षातून एक प्रयोग मदतीचा असायचा. कधी दवाखान्यासाठी, कधी वाचनालयासाठी, कधी निराधार म्हाताऱ्यांसाठी. तिकिटांच्या पैशांत नाट्यगृहाचं भाडंही धड निघत नसे. खरी मदत उभी राहायची ती स्मरणिकेतल्या जाहिरातींवर, आणि जाहिराती आणायचे दाजी. एकटे, पायी.

तसं पाहिलं तर ते नट व्हायलाच आले होते. पहिल्याच नाटकात त्यांना दवंडीवाल्याचं काम मिळालं. एकच वाक्य. ढोल वाजवला, तोंड उघडलं आणि वाक्य गायब. दाजींनी पुन्हा ढोल वाजवला. पुन्हा वाक्य नाही. तिसऱ्यांदा वाजवला तेव्हा पिटातून आवाज आला, "दाजी, वरात कुणाची आहे?" हशा असा पडला, की तो अंक सावरायला नायिकेला दहा मिनिटं लागली. त्यानंतर दाजींनी तोंडाला रंग म्हणून लावला नाही. मंडळानं मात्र त्यांना एक भूमिका कायमची देऊन टाकली. मदतीच्या प्रयोगाला मध्यंतरात पडद्यापुढं उभं राहायचं आणि जाहिरातदारांची नावं वाचायची. ती नावं ते कधी चुकले नाहीत.

जाहिराती मागण्याची त्यांची रीत ठरलेली होती. पहिल्या भेटीत जाहिरात मागायची नाही. दुकानदाराच्या पोराबाळांची, गावाकडची चौकशी करायची, मागच्या वर्षीची स्मरणिका गल्ल्यावर ठेवायची आणि उठायचं. दुसऱ्या भेटीला माणूस स्वतःच विचारायचा, "दाजी, यंदा आमचं पान?" आणि पान एकदा कबूल केलं की केलं. पंगतीत ज्याला ज्या पाटावर बसवलं त्याला तिथून उठवायचं नाही, मग मागून कुणी का येईना. डोंबिवलीच्या एका सराफानं एकदा मलपृष्ठासाठी, म्हणजे पुस्तकाच्या अगदी शेवटच्या बाहेरच्या पानासाठी, दुप्पट देऊ केले. दाजींनी त्याच्याकडचा चहा घेतला, पेढा घेतला, आणि हात जोडले.

"शेठ, तिथं माणूस बसलेला आहे."

तो बसलेला माणूस म्हणजे तानाजी कोळी. मंडळाचा पडदा ओढणारा. अंगानं आडमाप, हातानं हलका. त्यानं ओढलेला पडदा पदर सरकावा तसा सरकायचा. चौऱ्याऐंशी साली खाडीत होडी उलटून तो गेला. पुढच्या वर्षी त्याची बायको हौसाबाई आपण होऊन दाजींच्या ओट्यावर आली. ठाण्याच्या बाजारात सुक्या मासळीचा तिचा गाळा होता. म्हणाली, "मना पुस्तकाचं मागचं पान पायजे. त्याच्यावर ह्यांचा फोटू. गाल्याचं नाव नको. निस्ता फोटू."

"अगो, गाळ्याचं नाव नको तर जाहिरात कसली?" दाजी म्हणाले. "आणि मागचंच का?"

"मी बगितलंय दाजी. नाटक चालू झालं का मानसं पुस्तक पालथं घालून मांडीवर ठेवतान. मागचं पान वर येतं. म्हंजे शंभर मांड्यांवरून ह्यो नाटक बगल. जल्ला सारा जल्म पडद्याच्या मागं काढला, आता तरी पुढून बगू दे."

त्या वर्षीपासून चौदा वर्षं तानाजीनं सगळी नाटकं पुढून पाहिली. डोक्याला कोळ्याची टोपी, ओठांवर पिळदार मिशी, आणि फोटो काढणाऱ्यानं 'हसा' म्हटल्यावर आलेलं अवघडलेलं हसू.

आता येऊ दे श्रीपाद आगाशेला. हा डोंबिवलीचा. विशीत असताना मंडळात प्रॉम्प्टर म्हणून आला, बुजरा, काटकुळा. शहाऐंशी साली त्यानं पहिलं नाटक बसवलं तेव्हा त्या नवख्या पोरासाठी दाजींनी पायाला फोड येईपर्यंत दुकानं पालथी घातली होती. श्रीपाद तेव्हा त्यांच्या पाया पडला होता. एव्हाना तो सदतिशीचा होता. डोंबिवलीत कॉम्प्युटरचा क्लास, मंडळाचा चिटणीस, बोलण्यात गोडवा आणि प्रत्येक वाक्यात पुढचं शतक.

"दाजी, यंदा छापील स्मरणिका बंद," त्यानं सांगितलं. "वेबसाइट करू. जाहिराती त्याच्यावर. वर्षभर राहतील, जगात कुठूनही दिसतील. कागद नाही, छपाई नाही, सगळा पैसा शाळेला."

शाळा शहाडची. ऐकू न येणाऱ्या मुलांची. दोन खोल्या, चाळीस मुलं आणि सरस्वतीबाई नावाच्या एक शिक्षिका, ज्यांनी ती शाळा स्वतःच्या पगाराच्या जिवावर चालू केली होती. मुलांना कानातली यंत्रं हवी होती. दाजी शाळा पाहायला गेले तेव्हा रतन नावाची सात वर्षांची मुलगी त्यांच्या जवळ आली आणि तिनं सरळ त्यांच्या गळ्यावर हात ठेवला. दाजी दचकले. सरस्वतीबाई म्हणाल्या, "बोला काहीतरी. ती हातानं ऐकते." दाजींना काय बोलावं सुचेना. म्हणून ते जाहिरातदारांची नावं म्हणायला लागले. मुलगी हात तसाच ठेवून खुदुखुदु हसत राहिली. घरी आल्यावर दाजी सगुणाबाईला म्हणाले, "ह्या साली दुप्पट फिरनार."

फिरलेही. पण वेबसाइट म्हणजे काय, हे त्यांना कोण सांगणार? त्यांना पान कळत होतं. उजवं पान डाव्यापेक्षा भारी, वरची बाजू खालच्यापेक्षा भारी, आणि मलपृष्ठ सगळ्यांत भारी. म्हणून त्यांनी डमी केली आणि ती पिशवीत घालून निघाले.

कल्याणला देवराम मंडपवाला त्यांचं जुनं गिऱ्हाईक. त्यानं डमी उलटसुलट करून पाहिली.

"दाजी, हे दिसणार कुठं म्हणता?"

"कॉम्प्युटरवर."

"कुणाच्या?"

"सगळ्या जगाच्या."

"आपल्या गल्लीत आहे का एक तरी?"

"नाही."

"मग मी मंडप काय अमेरिकेत जाऊन घालू? बांबू बोटीनं पाठवू का?"

"तिकडं पण लग्नं होतातच की."

देवराम पोट धरून हसला आणि म्हणाला, "लिहा. पान तीन, वरची अर्धी बाजू. पण तुम्ही म्हणताय म्हणून हां. त्या डब्यासाठी नाही."

सत्तेचाळीस जणांनी असंच केलं. वेबसाइट कुणीच घेतली नाही. घेतला तो दाजींचा शब्द.

हौसाबाईंनी मात्र एक प्रश्न विचारला, आणि तो सगळ्यांत अवघड निघाला. "त्याला पालथं घालतान का दाजी?"

दाजी खोटं बोलणारे नव्हते. म्हणाले, "इचारून सांगतो." आणि डमी घेऊन थेट डोंबिवलीला, श्रीपादच्या क्लासमध्ये गेले. दहा-बारा पोरं खटखट बोटं आपटत बसली होती. श्रीपादनं डमी हातात घेतली, चाळली. शेवटच्या पानावर आला. तिथं पेन्सिलीनं आखलेल्या मोठ्या चौकटीत लिहिलं होतं: मलपृष्ठ, हौसाबाई, फोटो.

तो क्षणभर थांबला. दाजींना ते थांबणं नंतर फार आठवायचं. नट वाक्य विसरतो तेव्हा थांबतो तसं ते नव्हतं. नट पुढचं वाक्य बदलायचं ठरवतो तेव्हा थांबतो, तसं होतं.

"बरोबर आहे ना रे?" दाजींनी विचारलं. "हे शेवटचं पान असतंय ना त्याच्यात?"

"एकदम बरोबर, दाजी. बाईंना सांगा, तानाजीराव सगळ्या जगाकडे बघत राहतील."

"आणि पुस्तक नाहीच ना? लोक सारखे विचारतात."

"नाही म्हणजे नाही. निर्धास्त राहा."

दाजी निर्धास्त राहिले. बाजारात जाऊन हौसाबाईंना त्यांनी तेच वाक्य, त्याच शब्दांत सांगितलं. हौसाबाई बोंबलांची जुडी बांधता बांधता थांबल्या. "सगल्या जगाकडं?" त्या म्हणाल्या, आणि शेजारच्या भीमाबाईंकडे अशा वळल्या, की जणू नवऱ्याला सरकारी नोकरी लागली.

डिसेंबरातल्या एका रविवारी दुपारी साडेतीनला प्रयोग होता. तलावपाळीवरचं नाट्यगृह. दाजी इस्त्रीचा सदरा घालून दीड वाजताच दारात उभे. आत टेबलावर कॉम्प्युटर मांडला होता, त्याला झेंडूची माळही घातली होती. तीन वाजता कोळीवाड्यातून हौसाबाई आल्या. एकट्या नाही, नऊ बायका घेऊन. जरीची लुगडी, डोक्यात अबोली, कानात ठसठशीत सोनं. सगळ्यांची तिकिटं त्यांनी स्वतः काढली होती. त्या दिवशी नाट्यगृहात कोळीवाडा लग्नाला आल्यासारखा आला होता.

दारावर दोन स्वयंसेवक काहीतरी वाटत होते. दाजींना वाटलं, पुढच्या नाटकाची पत्रकं असतील. हौसाबाईंच्या हातात एक पडलं. त्यांनी ते सवयीनं पालथं केलं. मग दाजींपुढं धरलं.

"दाजी, ह्यो कोन?"

ते पुस्तक होतं. गुळगुळीत कागदाचं, रंगीत. मलपृष्ठावर सात मजली इमारत होती, तिच्यामागं ठाण्यात कधी नसतं इतकं निळं आभाळ, आणि खाली एका बिल्डरचं नाव, शीळफाट्याजवळचा पत्ता. दाजींनी पुस्तक उघडलं. आतल्या पानावर तोच बिल्डर. मधल्या पानावर तोच. बाकी जाहिरात एकही नाही. पहिल्या पानावर सरस्वतीबाईंचं मनोगत होतं, त्याखाली तारीख. दाजींचा डोळा जन्मभर पुस्तकांच्या तारखांवर फिरलेला. एक ऑक्टोबर. एक ऑक्टोबरला ते कल्याणच्या उन्हात दुकानादुकानांतून सांगत फिरत होते, की यंदा पुस्तक नाही.

"काहीतरी चूक झालीय," ते म्हणाले. "चला, आधी कॉम्प्युटरवर बघू. आपला तिथं आहे."

कॉम्प्युटरपाशी क्लासमधली एक मुलगी बसली होती. तिनं पान उघडलं. वर मंडळाचं नाव, मग शाळेचा फोटो, मग चौकोन. चौकोनांखाली चौकोन. ती खाली सरकवत गेली.

"अजून खाली," दाजी म्हणाले. "शेवटचं पान काढ."

"शेवटचं पान नसतं आजोबा. एकच लांब पान आहे हे."

"आणि त्याची मागची बाजू?"

मुलगी हसली. वाईट हेतूनं नाही, तिला खरंच हसू आलं. "कॉम्प्युटरला मागची बाजू कशी असेल?"

अगदी तळाशी, एका इस्त्रीवाल्याच्या चौकोनाखाली, पोस्टाच्या तिकिटाएवढा तानाजी होता. चौकोनात बसवताना त्याची टोपी कापली गेली होती. मिशीही अर्धीच. नऊ बायका वाकून बघत होत्या. कुणीतरी म्हणालं, "ह्यो तानाजी हाय?"

भीमाबाईंना वाचता येत होतं. त्या इतका वेळ पुस्तकच चाळत होत्या. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचलं, "जाहिरात संकलन, दाजी नाखवा." मग मान वर करून म्हणाल्या, "दाजी, ह्याच्यात तुमचं नाव हाय की."

दाजींनी ती ओळ पाहिली. अठरा स्मरणिकांत ती ओळ छापली गेली होती, आणि दर वर्षी ती पाहून त्यांना बरं वाटायचं. ह्या पुस्तकात ती कुणी घातली, का घातली, देव जाणे. सवयीनं घातली असेल.

हौसाबाईंनी आवाज चढवला नाही. "दाजी, मना येडी केलीस व्हय?" एवढंच त्या म्हणाल्या आणि बायकांना घेऊन आत जाऊन तिसऱ्या रांगेत बसल्या.

मध्यंतर झालं. श्रीपादनं घाईघाईत दाजींच्या हातात टाइप केलेली यादी दिली. सगळ्यांत वर बिल्डरचं नाव, ठळक. "दाजी, एवढं आधी वाचा हां, ते पहिल्या रांगेत आहेत," म्हणून तो निघूनही गेला. दाजी पडद्यापुढं आले. डोळ्यांवर दिवा आला. त्यांनी यादीची घडी घातली, खिशात ठेवली आणि पाठ म्हणायला सुरुवात केली. डमीतल्या पानांच्या क्रमानं. "पान एक, खालची अर्धी बाजू. पान दोन, पूर्ण. पान तीन, वरची अर्धी बाजू, देवराम मंडपवाले, कल्याण." सत्तेचाळीस नावं. लोकांना मजा वाटायला लागली, कारण त्यांच्या हातातल्या पुस्तकात ही पानंच नव्हती. सगळी नावं संपली तेव्हा दाजी थांबले.

"मलपृष्ठ. हौसाबाई तानाजी कोळी. हे पान मी त्यांना दिलं होतं. त्यांना ते मिळालेलं नाही. ज्यांची नावं मी आत्ता घेतली, त्यांनाही मी सांगितलं होतं की यंदा पुस्तक नाही. पुस्तक आहे. मी दिलेला शब्द खोटा झाला."

आणि काय झालं सांगू? टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, ही म्हाताऱ्याची नम्रतेची काहीतरी पद्धत आहे. नाटकवाल्यांचं असतं असं. कडकडून टाळ्या पडल्या. तिसऱ्या रांगेतल्या दहा जणी तेवढ्या हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

रंगपटात श्रीपाद वाटच बघत होता. "दाजी, हे काय केलंत? ते बिल्डर उठून जायला निघाले होते!"

"श्रीपाद, तू मला नाही म्हणाला होतास."

"हो, म्हणालो. सांगितलं असतं तर तुम्ही फिरला असतात का? त्यांची अटच होती की पुस्तकात दुसरं कुणी नको. एका माणसानं सगळ्या चाळीस पोरांची यंत्रं दिली, दाजी. तुमच्या सत्तेचाळीस जणांनाही दुखवायचं नव्हतं, म्हणून तर वेबसाइट काढली. त्यांनाही जागा मिळाली. त्यांच्या पैशांतून शाळेचं छप्पर होईल. एक पैसा कुणी खाल्लेला नाही. मग कुणाचं काय गेलं, सांगा ना!"

दाजींनी आजूबाजूला पाहिलं. मेकअपवाला ब्रश पुसत होता. नायिका आरशात कुंकू नीट करत होती, आधीच नीट असलेलं. खजिनदार पंख्याकडे बघत होता. वीस वर्षांच्या ओळखीची ही माणसं. दाजींनी त्यांच्या लग्नात अक्षता टाकलेल्या, त्यांच्या बारशांचे पेढे खाल्लेले.

"तुम्हा सगळ्यांना माहीत होतं?"

तेवढ्यात सरस्वतीबाई आत आल्या. त्यांनी सगळं ऐकलं असावं. हात जोडून म्हणाल्या, "दाजी, मला गप्प राहा म्हणाले. मी राहिले. चाळीस पोरं आहेत हो."

श्रीपादवर ओरडता आलं असतं. ह्या बाईंवर काय ओरडणार? दाजींना रतनचा हात गळ्यावर आठवला. ज्याच्यावर रागवावं असा एकही माणूस त्या खोलीत नव्हता, आणि ज्यानं आपल्याला फसवलं नाही असाही नव्हता. ते विंगेत जाऊन उभे राहिले. तिसऱ्या अंकाचा पडदा उघडला तेव्हा त्यांनी फटीतून पाहिलं. तिसऱ्या रांगेतल्या दहा खुर्च्या रिकाम्या होत्या. खुर्च्यांवर पुस्तकं तेवढी पालथी पडली होती, दहा इमारती छताकडं बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बाजारात गेले. हौसाबाई तराजूत जवळा ओतत होत्या. "गिऱ्हाईक हाय," त्या म्हणाल्या. दाजी थांबले. गिऱ्हाईक गेलं, दुसरं आलं. दाजी परतले. पुन्हा दोन दिवसांनी गेले, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला हौसाबाईंनी तराजू खाली ठेवला आणि म्हणाल्या, "नको आता पान दाजी. तानाजी घरात बरा हाय."

मग दाजींनी वहाणा चढवल्या आणि उरलेल्या सगळ्यांकडे गेले. ठाणे, डोंबिवली, कल्याण, शहाड. प्रत्येकाला हेच सांगितलं, की मी नाही म्हणालो होतो, पण पुस्तक निघालं, मला ठाऊक नव्हतं. देवराम ह्या वेळी हसला नाही. तो म्हणाला, "दाजी, राहू द्या ना. मंडळाचं आतलं काय असेल ते असेल. पण तुमचं नाव आहे हो त्यात. असं कसं ठाऊक नव्हतं?" तो रागानं नाही, समजूत घातल्यासारखा बोलला. ते जास्त लागलं. सत्तेचाळिसांतल्या निम्म्यांनी तरी तेच विचारलं, आणि दाजींकडे एकच उत्तर होतं. ते खरं होतं, आणि त्याच्यावर विश्वास बसेल असं त्याच्यात काही नव्हतं.

मंडळात ते पुन्हा गेले नाहीत. एकोणीसच्या एकोणीस डम्या सगुणाबाईनं माळ्यावर टाकल्या. संध्याकाळी लोक ओट्यापुढून जाताना हाक मारायचे, "काय दाजी, नाटक कुठलं यंदा?" दाजी हात हलवायचे.

महिना संपता संपता एका सकाळी श्रीपाद आला. सगळीकडे नव्या शतकाची गडबड होती. सगुणाबाईनं त्याला पाणी दिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा 'जेवून जा' म्हटलं नाही. तो ओट्याच्या कडेला टेकला. सरस्वतीबाईंचा निरोप त्यानं सांगितला, की यंत्रं आली, मुलांच्या कानांना बसली. दाजींचा चेहरा तेवढ्यापुरता उजळला. "रतनला बसलं?" त्यांनी विचारलं. "बसलं," श्रीपाद म्हणाला. "पहिल्यांदा कुकरची शिट्टी ऐकली आणि टेबलाखाली जाऊन लपली." दाजी हसले. सगुणाबाईही आतून हसली.

मग श्रीपाद मुद्द्यावर आला. पुढच्या वर्षी स्मरणिका छापणार. मलपृष्ठ तानाजीला, फुकट, कायमचं. फक्त दाजींनी परत यायला हवं. त्यांच्याशिवाय जाहिरात कुणी देत नाही. दोन पोरांना पाठवलं होतं, दुकानदार म्हणाले, 'दाजी कुठं आहेत?'

दाजींनी मान हलवली. नाही.

"दाजी, चुकलो मी," श्रीपाद म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते नाटकाचं नव्हतं. "पण खरं सांगा. तुम्हाला आधी सांगितलं असतं, तर तुम्ही ते पान सोडलं असतं का? तुम्ही तर त्या सराफालासुद्धा..."

"मी कशाला सोडू?" दाजी म्हणाले. "पान माझं नव्हतं. पण मी तुला घेऊन बाजारात गेलो असतो. बाईंना म्हटलं असतं, ह्या पोरांच्या कानांसाठी ह्याला पान पाहिजे. त्यांनी तुला चार शिव्या दिल्या असत्या. मग आपण होऊन तानाजीला एका वर्षापुरतं पानावरून उठवलं असतं, आणि वर तुला सुकटाची पुडी बांधून दिली असती. तू खात नाहीस, तरी दिली असती."